बारमधली क्विझ : कागद, कहूट की पाऊन्स?

पुण्या-मुंबईतले बारवाले आठवड्यातला एखादा पडेल दिवस क्विझला देऊन टाकतात, बहुतेक मंगळवार नाहीतर बुधवार. कल्पना मूळची इंग्लंडची. १९७६ मध्ये शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर यांनी दक्षिण इंग्लंडातल्या पबांमध्ये संघांच्या क्विझ लावायला सुरुवात केली, तीही ओस पडणाऱ्या संध्याकाळी गिऱ्हाईक यावं म्हणूनच. आपल्याकडे चौघंपाचजण टीम करून जाताना बिअरवरची सूट आणि पहिल्या बक्षिसाचं व्हाउचर बघतात. त्याआधी फोन करून एवढंच विचारावं, की उत्तरं कागदावर द्यायची का मोबाईलवर. संध्याकाळ कशी जाणार ते त्यावर ठरतं. आमचा कौल आधीच सांगून टाकतो: मित्रांच्या टीमला कागद.

कहूटपासून सुरुवात करू, कारण हल्ली तेच जास्त दिसतं. हे मोबाईलवरचं क्विझ अ‍ॅप नॉर्वेचं, २०१३ सालचं, आणि मुख्यतः शाळेच्या वर्गासाठी. मोठ्या पडद्यावर प्रश्न येतो, फोनवर लाल त्रिकोण, निळी चौकट, पिवळा गोल, हिरवा चौरस. त्यातलं एक दाबायचं. क्यूएमला, म्हणजे क्विझमास्टरला, हे फार सोयीचं. तपासणी आपोआप, गुणफलक आपोआप, वाद घालायला कोणी माईकपाशी येत नाही. पहिल्यांदा आलेल्यांना मजाही येते. पण गुणांचं गणित बघा. नेहमीच्या प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि दिलेल्या वेळाचा जेवढा हिस्सा तुम्ही वापरता, त्याच्या निम्मा हिस्सा गुणांतून कापला जातो. २० सेकंदांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर चौथ्या सेकंदाला दिलं तर ९००, अठराव्या सेकंदाला दिलं तर ५५०.

आता दहा प्रश्नांची फेरी घ्या. एक टेबल प्रश्न न वाचताच पहिल्या सेकंदात काहीतरी दाबतंय. चार पर्यायांत सरासरी अडीच उत्तरं बरोबर येणार, प्रत्येकी ९७५ धरले तर साधारण २४३७ गुण. दुसरं टेबल डोकी एकत्र करून, खल करून, अठराव्या सेकंदाला दाबतंय आणि अवघड फेरीत चार बरोबर आणतंय. त्यांचे २२००. म्हणजे आंधळी कोशिंबीर खेळणारे पुढे. प्रश्न सोपे असतील तर हा फरक झाकला जातो, अवघड असतील तर उघडा पडतो, आणि रोज येणाऱ्या टीम्स तर अवघड प्रश्नांसाठीच येतात.

यावर उपाय आहे आणि तो क्यूएमच्या हातात आहे: वेळ ६० सेकंद ठेवायची. मग चौथ्या सेकंदाला सुमारे ९६७ आणि अठराव्याला ८५० पडतात. वेगाला थोडी किंमत राहते, ज्ञानाला जास्त. कहूटमध्ये टीम मोड नावाचा प्रकारही आहे. त्यात उत्तर दाबण्याआधी आपसात बोलायला ५ सेकंद मिळतात. पाच सेकंदांत पाचजणांचं एकमत होतं असं ज्यानं ठरवलं, त्यानं मराठी माणसांची टीम पाहिलेली नसावी.

फोन एकाच्या हातात असतो, हा दुसरा दोष. उरलेले चौघं त्याच्या खांद्यावरून बघतात, मग बघायचं सोडून देतात, मग आपापल्या फोनमध्ये जातात. खांबामागच्या टेबलाला पडदा दिसत नाही आणि फोनवर नुसते आकार येतात. सेटिंगमध्ये प्रश्न आणि पर्याय खेळाडूंच्या फोनवर दाखवायची सोय आहे. ती चालू करायला सुरुवातीलाच सांगा. स्क्रीन लॉक बंद ठेवा, नाहीतर प्रश्न मोठा झाला की फोन झोपतो आणि पिन टाकून परत आत शिरेपर्यंत एक प्रश्न गेलेला असतो. बारच्या वायफायपेक्षा स्वतःचा डेटा बरा, पण तळघरातल्या जागेत तोही मिळत नाही, म्हणून बसण्याआधी टेबलावरचे सिग्नल बघून घ्यावेत. प्रश्नाला १२० अक्षरांची मर्यादा असल्यामुळे तर्कानं सुटणारे लांब प्रश्न कहूटवर बसतच नाहीत. सगळा भर पाठांतरावर राहतो.

कागदाची क्विझ दिसायला मागासलेली. ए-फोरचे कागद, प्रत्येक टेबलाला एक बॉलपेन. सहा फेऱ्या, प्रत्येकी दहा प्रश्न, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी. सगळं मिळून दोन तास. प्रश्न दोनदा वाचतात, फेरी संपली की सगळे दहा पुन्हा एकदा भरभर. प्रश्न चौथा सुटला नाही तर त्याची जागा रिकामी सोडून पुढे जाता येतं, सातव्या प्रश्नावर काहीतरी आठवतं आणि मागे येता येतं. खरी मजा त्या मागे येण्यातच आहे. एकाला अर्धं आठवतं, दुसरा ते पुरं करतो, तिसरा म्हणतो अरे ते तर १९८३ चं, आणि उत्तर खोडलं जातं. बरोबर होतं ते.

त्या खोडण्यासाठी टीमचा एक नियम हवा. उत्तर सुचवणाऱ्यानं दहापैकी आकडा सांगायचा: आठ म्हणजे जवळपास नक्की, चार म्हणजे अंदाज. वाद झाला की मोठा आकडा जिंकतो, मोठा आवाज नाही. खोडलेलं उत्तर समासात वाचता येईल असं ठेवा, शेवटच्या वाचनात परत विचार करता येतो. लिहिणारा एकच असावा, अक्षर बरं असणारा आणि शक्यतो कोकवर असणारा. जेल पेन नको: मसाला पापडच्या ताटलीखालचं पाणी आणि गार ग्लासचा ओला गोल कागदावर आला की शाई पसरते, आणि तपासणारं शेजारचं टेबल '६' चा '८' वाचतं.

तपासणी बहुतेक ठिकाणी कागदांची अदलाबदल करून होते. इथे भांडणं होतात ती नियम आधी न सांगितल्यामुळे. चांगला क्यूएम सुरुवातीलाच सांगतो: व्यक्तीचं आडनाव पुरेसं, पण पहिलं नाव लिहिलं आणि ते चुकलं तर उत्तर चूक. स्पेलिंगला माफी. अर्धा गुण कुठे मिळेल हे क्यूएमच सांगणार. हे तीन नियम ऐकू आले नाहीत तर पहिल्या फेरीआधी हात वर करून विचारावं.

जोकर बहुतेकांना खेळता येत नाही. एका फेरीचे गुण दुप्पट होतात, आणि तो फेरी सुरू होण्याआधी जाहीर करायचा असतो. फायदा त्या फेरीत जेवढे गुण मिळतील तेवढाच, म्हणून जोकर तुमच्या सर्वांत मजबूत विषयावर लावायचा. 'शेवटी बघू' म्हणून राखून ठेवला की तो संकीर्ण फेरीवर खर्च होतो, आणि संकीर्णात नऊ गुण कुणालाच मिळत नाहीत. फेऱ्यांचे विषय आधी जाहीर करत नसतील तर जोकर हा जुगार आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत विषय हातचा वाटला की लावून मोकळं व्हावं.

चित्रांची फेरी कागदाच्या क्विझचा कच्चा दुवा. पत्रक सुरुवातीलाच वाटतात आणि सुट्टीनंतर गोळा करतात, म्हणजे फोननं फोटो काढून शोधायला तासभर मोकळा. शिवाय झेरॉक्स काळी-पांढरी असेल तर कंपन्यांचे लोगो ओळखणं म्हणजे छळ, कारण निम्मी ओळख रंगाची असते. गाण्यांच्या फेरीलाही हाच धोका: दहा-बारा सेकंदांचा तुकडा शझामला (ऐकून गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला) पुरतो. फोन टोपलीत ठेवायला लावणारी जागा जरा कडक वाटते, पण नेमाने जाणाऱ्यांनी तीच निवडावी. गाण्यांना एक गुण गाण्याला, एक चित्रपटाला, एक संगीतकाराला असे तीन असतील तर टीममध्ये एक जुनी हिंदी गाणी ऐकणारा लागतोच. मुखड्याआधीच्या वाद्यांवरून गाणं सांगणारे लोक अजून आहेत, त्यांना बिअर पाजून न्यावं. (महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ही वयाची अट आहे. कॉलेजच्या टीमनं ओळखपत्रं सोबत ठेवावीत.)

प्रश्न कसे आहेत, यावर जागेची खरी पारख होते. 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' असा प्रश्न आला की समजावं, क्यूएमनं घरचा अभ्यास केलेला नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' त्याच्या वर्षभर आधीचा, मे १९१२ चा. 'पूर्ण लांबीचा' हे दोन शब्द घातले असते तर दहा मिनिटांची हमरीतुमरी वाचली असती. तारीख न बघता जुन्या साठ्यातून काढलेले प्रश्नही असेच फसतात. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये नूर-सुल्तान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. शनीच्या चंद्रांचा आकडा तर विचारूच नये: मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे मान्य झाले आणि तो २७४ वर गेला. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, पण पालघरच्या आधीचा, म्हणजे ऑगस्ट २०१४ पूर्वीचा प्रश्न असेल तर क्यूएमच्या कागदावर ३५ लिहिलेलं असतं. अशा वेळी क्यूएम 'माझ्याकडे हेच आहे' म्हणून पुढे सरकला तर पुढच्या आठवड्याला जागा बदला. दोन्ही उत्तरांना गुण दिले तर तिथेच राहा.

तिसरा प्रकार पाऊन्स-बाऊन्स. हा आपला देशी, बंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन (१९८३) आणि पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब क्विझ क्लब अशा मंडळींच्या वातावरणात मुरलेला. प्रश्न लांब, धाग्यादोऱ्यांनी भरलेला. ज्यांना खात्री आहे ते उत्तर चिठ्ठीवर लिहून आधीच देतात, हा पाऊन्स, आणि चुकले तर गुण कापले जातात; बाकीच्यांमध्ये प्रश्न फिरत राहतो, हा बाऊन्स. प्रश्नांचा दर्जा तिन्हींत सर्वांत वरचा. पण बारमध्ये तो बसत नाही. वीस टीम्स असतील तर आधी लेखी प्राथमिक फेरी घ्यावी लागते, सहा-आठ टीम्स वर जातात आणि उरलेली टेबलं बिल मागवतात. बारवाल्याचा धंदा तिथेच बसतो. सहा टीम्सच असतील अशा लहान जागी मात्र पाऊन्स चुकवू नका. सिटर (अगदी सोपा प्रश्न) सोडून बाकी सगळ्या प्रश्नांवर पाऊन्स करायचा मोह आवरा. वजा गुण असतील तर दोघांनी स्वतंत्रपणे तेच उत्तर लिहिलं तरच चिठ्ठी द्या.

टीम पाचाची बरी. सहावा चालतो, पण मोठ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो काय म्हणतोय ते ऐकू येत नाही आणि ओरडून सांगितलं की शेजाऱ्यांना फुकटात मिळतं. खेळ, सिनेमा, इतिहास-भूगोल, विज्ञान आणि 'बाकी सगळं' अशी वाटणी असावी. चार क्रिकेटवेडे एकत्र बसले की दहापैकी दहाची एकच फेरी होते. स्पीकरच्या थेट खालचं टेबल टाळा. जेवणाची ऑर्डर पहिल्या फेरीआधी द्या, कारण सुट्टीत सगळी टेबलं एकदमच वेटरला हाका मारतात आणि बिर्याणी पाचव्या फेरीत येते, नेमकी गाणी चालू असताना.

बरोबरी झाली तर जवळच्या आकड्याचा प्रश्न येतो: कळसूबाईची उंची मीटरमध्ये किती, अशा धर्तीचा. (१६४६.) दोन्ही टीम्सनी लिहून, एकाच वेळी कागद उलटायचे. तोंडी घेत असतील तर दुसऱ्यानं बोलायची पाळी मागून घ्या: पहिल्यानं १५०० म्हटलं आणि खरा आकडा त्याहून जास्त आहे असं वाटलं, तर १५०१ म्हणून वरची सगळी बाजू तुमची होते.