वेबलेट: दीड वर्ष वापरल्यानंतर

मी विट्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्या लॅबमध्ये चौदा जुने संगणक आहेत. नवं विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून त्याऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकलीय. एकदा सातवीतला एक मुलगा मला बोलवायला आला, "बाई, हे काय विचारतंय बघा ना." पडद्यावर अर्धं वाक्य मराठीत, अर्धं इंग्रजीत. पोरगं हुशार, पण कुठलं बटण दाबलं तर आपलं चित्र राहील आणि कुठलं दाबलं तर जाईल, हे त्याला समजेना. मी पोचेपर्यंत त्याने एक बटण दाबलं होतं आणि तासाभराचं काम गेलं होतं. हे मराठी आपण नीट करायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

वेबलेट म्हणजे प्रोग्राममधल्या वाक्यांचा अनुवाद ब्राउझरमध्येच करायचं साधन. तिथपर्यंत मी लगेच पोचले नाही. आधी जिथे गेले तिथलं सांगते, कारण त्याशिवाय मला या साधनाचं एवढं कौतुक का, ते कळणार नाही. त्या प्रकल्पाचं नाव घेणार नाही. अनुवादाची पीओ फाइल (मूळ वाक्य आणि खाली त्याच्या अनुवादाची जागा, अशी यादी) उतरवून घ्यायची, वाक्यं भरायची आणि सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलवर पाठवायची, अशी तिथली रीत होती. दिवाळीच्या सुट्टीत रात्री बसून मी चाळीस वाक्यं केली आणि पाठवली. त्यातल्या एका इंग्रजी वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं डी हे अक्षर होतं. प्रोग्राम चालताना तिथे आकडा येतो, हे मला माहीत नव्हतं. मला ती छपाईची चूक वाटली. मी ‘सर्व फाइल निवडल्या’ असं छान मराठी वाक्य लिहून मोकळी झाले.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सगळ्यांना दिसेल असं. फाइल तपासणीत अडकली, नियम न वाचता लोक येतात, अशांची कामं निस्तरण्यात आमचे रविवार जातात, ज्यांना जमत नाही त्यांनी दुसरा छंद शोधावा. चूक कुठल्या ओळीत आहे ते मात्र त्यात कुठेही नव्हतं. मी दोनदा विचारलं. उत्तर नाही. तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली, तेव्हा माझी छत्तीस वाक्यं त्यात जशीच्या तशी होती. नाव दुसऱ्याचं होतं. बावीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासतेय. लाल शाईने नुसतं ‘चूक’ लिहून वही परत दिली, तर मूल पुढच्या वेळी वहीच आणत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मावशी, हे तुझ्या एकटीचं नाही. खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, वर्षानुवर्षं असंच चालायचं." मग त्याने सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून काढलं. लिनक्ससाठी यूएसबी ३.० चा ड्रायव्हर, म्हणजे ती जोडणी चालवणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१३ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना उघडपणे सांगितलं होतं की ही शिवराळ भाषा थांबवा. ती थांबली नाही आणि २०१५ मध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. पुढे १६ सप्टेंबर २०१८ ला टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे रजा घेतली, आणि त्याच सुमारास कर्नलला आचारसंहिता आली. शार्प नंतर आउटरीची या उपक्रमाच्या संयोजकांमध्ये होते. नवख्या लोकांना मानधन आणि मार्गदर्शक देऊन मुक्त सॉफ्टवेअरमध्ये (ज्याचा मूळ कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो) आणण्याचं काम तो उपक्रम करतो. कडक बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही, असं म्हणणारे अजूनही भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. यूएसबी ३.० सारखं काम केलेला माणूस निघून जातो, तेव्हा कुठला दर्जा राहिला?

आता वेबलेट. चेक प्रजासत्ताकातल्या एका प्रोग्रामरने २०१२ मध्ये हे साधन सुरू केलं. ते स्वतःही मुक्त सॉफ्टवेअर आहे. अनुवादकाला एक रुपया पडत नाही. लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच आणि फेडोरा हा लिनक्सचा एक प्रकार, यांचे अनुवाद यावरच होतात, त्यामुळे मराठीत करण्यासारखं काम भरपूर आहे. खातं उघडायचं, भाषा निवडायची, आणि ब्राउझरमध्येच एकेक वाक्य समोर येतं. वर मूळ इंग्रजी, खाली मराठीची चौकट, बाजूला शब्दसंग्रह, त्याच्या आसपासची वाक्यं आणि त्या वाक्याचा इतिहास. प्रकल्पवाल्यांनी जोडला असेल, तर ते वाक्य प्रोग्राममध्ये कुठे दिसतं त्याचा फोटोही. पहिल्या दिवशी पडद्यावर एवढं सगळं एकदम बघून बावरायला होतं. दोन संध्याकाळी दिल्या की हात बसतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच टक्क्याचं चिन्ह आणि डी समोर आलं. वाक्य वेगळं, पण माझी चूक तीच. जतन केलं, तर पडदा पुढच्या वाक्यावर गेला नाही. तिथेच थांबला, आणि बाजूला एक सूचना उमटली की मूळ वाक्यातली खूण अनुवादात नाही. बस्स, एवढंच. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी खूण घातली, ‘%’ आणि त्यापुढचं अक्षर न बदलता, सूचना गेली, पुढचं वाक्य आलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी वर्षभर स्वतःला नालायक समजत होते.

खरा वाद झाला तो ‘सेव्ह’वरून. आधीच्या लोकांनी सगळीकडे ‘जतन करा’ लिहिलंय. माझ्या विद्यार्थ्यांना ‘साठवा’ पटकन कळतं. एका प्रकल्पात मी पंधरा ठिकाणी ‘साठवा’ सुचवलं. दोन दिवसांनी त्या वाक्याखाली टिप्पणी आली: "ताई, ‘साठवा’ सोपा आहे, मान्य. पण ‘जतन’ इतर प्रोग्राममध्येही आहे. एकाच ठिकाणी बदललं तर मुलं एका खिडकीत ‘जतन’ आणि दुसरीत ‘साठवा’ बघतील. बदलायचं तर सगळीकडे एकदम बदलू." लिहिणारे गृहस्थ मला अनोळखी. मी लिहिलं, सगळीकडे बदलायला किती लागेल? ते म्हणाले, दोघं असलो तर एक उन्हाळा. शेवटी आम्ही ‘जतन’च ठेवलं, आणि शब्दसंग्रहात त्याचं कारणही लिहून ठेवलं. मी तो वाद हरले. तरी त्या प्रकल्पात मी अजून आहे, कारण हरले का ते मला कळलं, आणि माझ्यानंतर येणाऱ्या माणसालाही ते तिथेच वाचता येईल.

श्रेयाचंही इथे चोख आहे. मी केलेला बदल मूळ प्रोग्रामच्या नोंदींमध्ये माझ्या नावाने जातो. भाच्याने ती ओळ मला त्याच्या लॅपटॉपवर काढून दाखवली. तारीख, वेळ, माझं नाव. मी ती मुख्याध्यापकांनाही दाखवली.

पण एक गोष्ट वेबलेटला करता येत नाही, आणि वापरणाऱ्याने ती आधीच समजून घ्यावी. नव्या माणसाला थेट लिहू द्यायचं की फक्त सुचवू द्यायचं, हे प्रकल्प चालवणारे ठरवतात. फक्त सुचवण्याची परवानगी असेल, तर कुणीतरी येऊन ती सूचना बघावी लागते. कुणी आलंच नाही, तर ती तशीच पडून राहते. कुणी शिवी देत नाही, कुणी नाकारत नाही, नुसतं कुणी बघत नाही. घरी आलेल्याला दारातच उभं ठेवण्यासारखं आहे हे, आणि मला ते ओरडण्याइतकंच वाईट वाटतं. साधन चांगलं असलं, तरी पलीकडे माणूस लागतोच. म्हणून पाचपैकी चार. मराठीसाठी काही करावं असं मनात असेल, तर सुरुवात इथूनच करा. फक्त आधी त्या प्रकल्पात मराठीची शेवटची नोंद कधीची आहे, ते इतिहासात बघून घ्या.

गेल्या महिन्यात एका छोट्या प्रकल्पाने मला मराठीच्या सूचना तपासण्याचा हक्क दिला. उघडून बघते तर त्रेसष्ट सूचना पडलेल्या, सगळ्यात जुनी चार वर्षांपूर्वीची. रोज जेवणानंतर पाच बघते. नाकारायची असेल, तर कारण लिहिल्याशिवाय नाकारत नाही. परवा त्या सगळ्यात जुन्या सूचनेवर आले. कुणीतरी फार सुंदर वाक्य केलं होतं, माझ्याहून साधं आणि नेमकं. फक्त ते टक्क्याचं चिन्ह आणि डी राहिलं होतं. मी ते घातलं, वाक्य मंजूर केलं आणि खाली लिहिलं, "वाक्य फार छान झालंय, आकड्याची खूण तेवढी राहिली होती, ती घातली आहे. अजून कराल का?" मग त्या नावावर जाऊन बघितलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवसानंतर तिथे एकही नोंद नव्हती.