२० बाइटचा बॅकअप आणि माझे साडेआठ हजार

आमचा तासगावला बेदाण्याचा छोटा धंदा आहे. चार वर्षं झाली वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट आहे, ऑर्डरी घ्यायला वूकॉमर्स टाकलेलं, आणि दिवाळीआधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा खरा सीझन. साइट ज्याने बनवली त्यालाच दरवर्षी ६ हजार मेंटेनन्सचे द्यायचो, त्यात मुख्य काय तर 'डेली बॅकअप'. नाव घेत नाही, पण दर महिन्याच्या १ तारखेला व्हॉट्सॅपवर त्याचा स्क्रीनशॉट यायचा, फायलींची नावं, पुढे तारखा, हिरव्या टिका. मी अंगठा दाखवून मोकळा.

ऑक्टोबरमध्ये एका गिऱ्हाइकाचा फोन आला की दादा तुमची साइट उघडली की सट्ट्याची जाहिरात येते. मी कॉम्प्युटरवर बघितलं तर सगळं ओके, मोबाइलवर उघडली तेव्हा कळलं. साइटवाल्याला फोन केला. "टेन्शन नका घेऊ साहेब, बॅकअप आहे ना, पण रिस्टोअर चार्जेस वेगळे असतात, साडेआठ हजार, ॲडव्हान्स." सीझन तोंडावर, कोण घासाघीस करणार, जीपे केलं. इथे मी गाढव ठरलो, कारण बॅकअप बघितला नव्हता, फक्त त्याचा फोटो बघितला होता.

दोन दिवसांनी साइट आली, फोटोबिटो सगळे होते, पण ऑर्डरी मेपर्यंतच्याच. म्हणे सर्व्हरचा प्रॉब्लेम, नंतरचं काही निघत नाही. मग फोन उचलायचा बंद.

होस्टिंग, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर राहते ती भाड्याची जागा, नशिबाने माझ्या नावावर होतं. पुण्याचा मावसभाऊ पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यात, काम करतो, त्याला लॉगिन दिलं. त्याने बॅकअपचं फोल्डर उघडून फक्त साइझचा कॉलम दाखवला. फोटो आणि थीमच्या झिप फायली दीड-दोन जीबीच्या, आणि डेटाबेसची फाइल, जिच्यात ऑर्डरी, गिऱ्हाइकं, रेट सगळं असतं, ती १५ मेपासून रोज २० बाइट. रोज! भाऊ म्हणाला, डेटाबेसमधून निघालेला माल जीझिपकडे, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामकडे, पॅकिंगला जातो, लॉगिनच फेल झालं तर जीझिप रिकामा डबासुद्धा व्यवस्थित सील करून ठेवतो आणि त्या रिकाम्या डब्याचं वजन २० बाइट. मेमध्ये होस्टिंग बदललं तेव्हा पासवर्ड बदलला, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. इथपर्यंत मी चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण रोज रात्री एररचा मेल जात होता आणि तो त्याच्याच मेलवर. आणि जुने स्क्रीनशॉट काढून बघितले तर एप्रिलपर्यंत साइझचा कॉलम आहे, जूनपासून फोटो बरोबर त्याच्या अलीकडे कापलेला. आता याला चूक म्हणायचं?

पुढचं काम भावाने हाताने केलं. त्या माणसाने झिप आहे तशी उघडून टाकली होती, म्हणजे हॅकवाल्याच्या फायली पण परत आल्या होत्या. भावाने वर्डप्रेस आणि प्लगिन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) नवीन डाऊनलोड केले, झिपमधून फक्त अपलोड्सचं, म्हणजे फोटोंचं, फोल्डर घेतलं, तेही आत पीएचपी फाइल, म्हणजे हॅकवाल्याचा कोड, नाही ना हे बघून. मेची डेटाबेस फाइल पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस हाताळायचं पान) चढवली, तर साइटऐवजी वर्डप्रेस नव्याने इन्स्टॉल करायचं पान आलं, माझ्या पोटात गोळाच. कारण साधं, डेटाबेसमधल्या आमच्या टेबलांच्या नावाच्या सुरुवातीचं अक्षर वेगळं होतं, ते डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बदललं की साइट उभी. मग मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. चढवताना कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकला होता, यूटीएफ८एमबी४ ठेवून परत चढवली. मेनंतरच्या ऑर्डरी मी न्यू ऑर्डरच्या मेलवरून आणि पेमेंट गेटवेच्या यादीवरून एकेक हाताने भरल्या, चार रात्री गेल्या. कॅश ऑन डिलिव्हरीच्या काही सापडल्याच नाहीत, लोक फोन करून विचारतात तेव्हा कळतं.

आता बॅकअप असा ठेवतो की उद्या भाऊ नसला तरी कुणालाही परत लावता यावा. तारखेच्या नावाचं एक फोल्डर, त्यात डेटाबेसची एसक्यूएल फाइल (साध्या टेक्स्टमध्ये उघडते ती) वेगळी आणि अपलोड्सची झिप वेगळी. प्लगिनचा स्वतःचा फॉरमॅट नको, काही प्लगिनांत बॅकअप फुकट आणि रिस्टोअरला पैसे असतात. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: पीएचपीचं व्हर्जन, टेबलाचं ते अक्षर, प्लगिनांची यादी, आधी काय नंतर काय. एसक्यूएल फाइल उघडून शेवटच्या ओळीत 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख आहे का बघतो, नसेल तर फाइल अर्धवट. सगळं घरच्या हार्डडिस्कवर उतरवतो, सर्व्हरवर ठेवत नाही. २०२१ मध्ये स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांचे साइटसोबतच गेले. आणि महिन्यातून एकदा लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) साइट उभी करून बघतो, पहिल्यांदा तीन तास लागले, आता पाऊण तास.

तुमच्याकडे असा कुणी मेंटेनन्सवाला असेल तर स्क्रीनशॉट नको, फाइल मागा, आणि मागितल्यावर तो काय कारणं देतो ते ऐका.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीये. त्या मेंटेनन्सवाल्यालाही व्हॉट्सॅपवर फोल्डरचा फोटो पाठवलाय, साइझच्या कॉलमसकट. ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.