डॉक्युमेंटेशनचं रंगकाम झालं आणि पिवळी चौकट गेली (५ पैकी २ स्टार)

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, मला भांडण नकोय, साईट दुरुस्त व्हायला हवीय. मी कुडाळला राहतो, वेबसाईट बनवून देतो. माझी गिऱ्हाईकं म्हणजे तारकर्ली-देवबागची होमस्टेवाली मंडळी आणि देवगडकडचे आंबा बागायतदार. सहा वर्षं एकच पेमेंट गेटवे (साईटवर ऑनलाईन पैसे घेऊन देणारी सेवा) वापरतोय, आणि खरं सांगायचं तर तो निवडला होता त्यांच्या डॉक्युमेंटेशनसाठी, म्हणजे तो साईटला कसा जोडायचा ते सांगणाऱ्या पानांसाठी. डावीकडे यादी, मध्ये मजकूर, खाली उदाहरण, बस. पावसात लाईट गेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आलो, रेंज कशीबशी, तरी पान उघडायचं. एकदा उघडलं की मग नेट गेलं तरी वाचता यायचं.

मार्चमध्ये त्यांनी सगळं नवीन केलं. दिसायला छान आहे, नाही म्हणत नाही, डार्क मोड आलाय, आणि पीएचपी, पायथन, नोड असे कोडचे टॅब दिलेत ते खरंच उपयोगाचे आहेत. दोन स्टार त्याचेच.

आता एप्रिलमधली गोष्ट सांगतो. एका बागायतदार काकांची नवीन साईट चालू केली, पाच डझनी पेटी ऑनलाईन बुक करायची, पैसे भरले की ऑर्डर आपोआप कन्फर्म. शुक्रवारी रात्री काकांचा फोन, "अरे गिऱ्हायकाचे फोन येतत, पैशे गेले म्हणतत, माझ्याकडे तर कायच दिसणा नाय." बघितलं तर पेमेंट जमा होत होतं, गेटवेकडून वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा आपोआप येणारा निरोप, पण येत होता, पण आपल्या सर्व्हरवर त्याची सिग्नेचर (निरोप खरंच गेटवेचाच आहे हे ओळखायची खूण) जुळत नव्हती म्हणून प्रत्येक वेबहुक नाकारला जात होता. आणि मला पक्कं आठवत होतं की जुन्या पानावर याबद्दल एक पिवळी चौकट होती. चौकट आठवत होती, आत काय लिहिलंय ते आठवत नव्हतं.

तर ते पान शोधायला गेलो. माझ्या जुन्या कोडमध्ये कॉमेंटला लिंक टाकून ठेवलेली, ती दाबली तर थेट नवीन साईटच्या होमपेजवर. दुसरी दाबली, होमपेज. बुकमार्क, होमपेज. म्हणजे पान सापडलं नाही असं ४०४ पण सांगत नाहीत, सरळ दारात आणून सोडतात आणि आपल्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. जुन्या पत्त्यावरून नवीन पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट लावणं, म्हणजे जुनी लिंक दाबली की आपोआप नवीन पान उघडेल असं करणं, काही अवघड नाही हो, एक यादी करायची, हे पान आता इथे, ते पान तिथे. वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. आणि इथे तर पैशाचा व्यवहार चालतो, कितीतरी लोकांच्या कोडमध्ये, नोट्समध्ये त्या लिंक पडून असतील, त्या सगळ्या एका रात्रीत मेल्या.

मग सर्च. 'वेबहुक सिग्नेचर' टाकलं तर पहिले तीन रिझल्ट त्यांच्या जाहिरातवजा लेखांचे, चौथा दरपत्रकाचा. कोपऱ्यातल्या एआय चॅटला विचारलं, त्याने नीट कोड लिहून दिला पण जुन्या वर्जनचा, आणि कुठलं वर्जन ते निवडायची वरची यादीच काढून टाकलीय. वेबहुकचं पान शेवटी मिळालं, त्यात एक परिच्छेद आणि एक चित्र. चौकट नाही.

शनिवारी दुपारी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (तिथे साईटची जुनी पानं साठवलेली असतात) जुना पत्ता टाकून बघितला आणि तिथे ती चौकट होती, पिवळीच. लिहिलं होतं की सिग्नेचर तपासताना रिक्वेस्टची बॉडी, म्हणजे वेबहुकमधला मजकूर, जशी आली तशीच घ्या, जेसन (त्या मजकुराची मांडणी) पार्स करून, म्हणजे सुटं करून, परत स्ट्रिंग बनवू नका. माझं फ्रेमवर्क (ज्या तयार कोडवर मी साईट बनवतो ते) नेमकं तेच करत होतं. सिग्नेचर ज्या हिशोबाने काढतात त्या एचएमएसीला एक स्पेस जरी इकडची तिकडे झाली तरी पूर्ण वेगळा आकडा येतो, मग जुळणार कसं. दोन ओळी बदलल्या, चालू झालं. तोपर्यंतच्या २३ ऑर्डर मी आणि काकांच्या मुलीने डॅशबोर्ड समोर ठेवून एकेक हाताने जुळवल्या, प्रत्येकाला फोन केला. आंब्याला थांबता येत नाही, पेटीतलं फळ तयार होत असतं, आणि गिऱ्हाईकाला वाटतं बागायतदाराने पैसे खाल्ले. काकांचं नाव खराब झालं असतं तर ते कुठल्या रिडायरेक्टने परत येणार होतं?

बाकीचं पण आहे. रक्कम पैशांत पाठवायची, म्हणजे १२०० रुपये असतील तर १२०००० लिहायचं, हे आधी पहिल्याच उदाहरणात होतं, आता एका मिटलेल्या पट्टीच्या आत आहे आणि ती उघडल्याशिवाय कंट्रोल एफ मारून पण सापडत नाही. नवीन माणूस १२०० च लिहिणार आणि पेटी १२ रुपयांना जाणार. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी, उन्हात पॅकिंग शेडमध्ये मोबाईलवर वाचून दाखवा. सुगम्यतेच्या नियमात साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, मी मोजला, इथे ३ पण भरत नाही. पान उघडलं की आधी राखाडी पट्ट्या हलत राहतात, जावास्क्रिप्ट सगळं उतरेपर्यंत एक अक्षर दिसत नाही, आणि देवगडच्या आतल्या वाड्यांमध्ये ते कधीकधी उतरतच नाही.

सपोर्टला सगळं लिहून पाठवलं, जुनी लिंक, नवीन पान, गायब झालेली चौकट, स्क्रीनशॉटसकट. 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे' असं आपोआप आलेलं उत्तर मिळालं, त्याला आता पाच आठवडे झाले. ती चौकट परत टाकली आणि जुने पत्ते चालू केले तर मी याच रिव्ह्यूत स्टार वाढवीन, रंग आणि मेनू राहू देत तसेच.

तोपर्यंत जे कोणी हाच गेटवे वापरत असतील त्यांनी वेबहुकची बॉडी कच्चीच घ्या. आणि रिफंडचं जुनं पान कोणी पीडीएफ करून ठेवलं असेल तर पाठवा, ते वेबॅकवर अर्धंच उघडतंय आणि गणपतीच्या होमस्टे बुकिंगला मला ते लागणार आहे.