बोटाचा मधला सांधा: जखडावा की बदलावा?

संधिवाताने बोटाचा मधला सांधा झिजला आणि औषधांनी दुखणे थांबेनासे झाले, की दोन शस्त्रक्रियांचा विचार होतो. सांधा जखडताना उरलेली कूर्चा काढून दोन्ही हाडे तारांनी किंवा स्क्रूने एकत्र बसवतात; हाड जुळून आले की वेदना बहुधा जाते, पण वाकणेही कायमचे जाते. सिलिकॉनचा कृत्रिम सांधा थोडी हालचाल राखतो, मात्र तो कालांतराने तुटू शकतो आणि बाजूने येणारा दाब त्याला नीट सोसत नाही. म्हणूनच कुलुपात किल्ली फिरवताना अंगठ्याचा जोर झेलणाऱ्या तर्जनीसाठी मला जखडणेच योग्य वाटते, तेही सुमारे ४० अंशांत वाकवून. कोयत्याची मूठ आवळणाऱ्या अनामिकेला आणि करंगळीला मात्र हालचाल हवीच. नखाजवळच्या सांध्याबाबत हा पेच फारसा पडत नाही, कारण तो जवळजवळ सरळ जखडला तरी हाताचे काम अडत नाही.