१३५ पास, १४ काठावर: मिररलेसवर परक्या माउंटच्या लेन्स आणि रात्रीचं आकाश

एसएलआरची, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची, लेन्स बिनआरशाच्या मिररलेसवर बसवायची तर मध्ये एक पोकळ धातूची रिंग लागते, तिला ॲडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, म्हणून तिला 'नुसती नळी' समजून मिळेल ती उचलली जाते. दिवसाच्या फोटोत हे खपून जातं. पोर्ट्रेटचा कोपरा कोण बघतो? ताऱ्यांच्या फोटोत मात्र चारही कोपऱ्यांत बारीक ठिपके असतात आणि ते चुगली करतात. एका बाजूचे गोल, दुसऱ्या बाजूचे पंख फुटलेले दिसले की खापर लेन्सवर फुटतं. बऱ्याचदा दोष त्या नळीचा असतो.

म्हणून हे परीक्षण लेन्सचं कमी आणि लेन्स-ॲडॅप्टर या जोडीचं जास्त. समोर तीन लेन्स आहेत, तिन्ही कॅनन ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला अडकते तो जोड): सॅमयांग १३५ एमएम एफ/२, सॅमयांग १४ एमएम एफ/२.८ आणि सिग्मा १४ एमएम एफ/१.८ आर्ट.

आधी थोडी वजाबाकी. माउंटच्या पृष्ठभागापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ एमएम असतं, एम४२ आणि पेंटॅक्स केमध्ये ४५.४६, कॅनन ईएफमध्ये ४४. मिररलेसमध्ये आरसा गेल्यामुळे हे अंतर घटलं: कॅनन आरएफ आणि एल माउंट २०, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ॲडॅप्टरची जाडी. ईएफवरून सोनी ईवर यायला २६ एमएम, आरएफवर यायला २४, निकॉन एफवरून झेडवर ३०.५.

ॲपर्चर, म्हणजे पात्यांनी लहानमोठं होणारं प्रकाशाचं भोक (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), कसं चालतं हे लेन्स घेण्याआधीच बघावं. सॅमयांगच्या हाताने चालणाऱ्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते, त्यामुळे त्यांना साधा, विजेचे संपर्क नसलेला ॲडॅप्टर पुरतो. कॅननची किंवा सिग्माची ईएफ लेन्स साध्या ॲडॅप्टरवर पूर्ण उघडीच राहते, कारण तिची पाती विजेवर हलतात. यावर जुनी युक्ती आहे: लेन्स कॅननच्या एसएलआरवर लावायची, हवं ते ॲपर्चर ठरवायचं, डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची. पाती तिथेच थांबतात. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या, ॲपर्चरची रिंग नसलेल्या लेन्सचं उलटं आहे. बॉडीवरून काढली की ती पूर्ण मिटते, म्हणून तिच्या ॲडॅप्टरमध्ये दांडी लागते. त्या दांडीवर एफचे आकडे नसतात, सगळा अंदाजाचा कारभार.

सोळा मायक्रॉनचा हिशेब

एफ/२ला आणि ४ मायक्रॉनच्या पिक्सेलला सेन्सरपाशी फोकसची खोली मिळते दोन गुणिले दोन गुणिले चार, म्हणजे १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग). नेमक्या फोकसच्या पुढे आठ, मागे आठ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता समजा ॲडॅप्टरच्या एका कडेची जाडी समोरच्या कडेपेक्षा ०.०५ एमएमने जास्त आहे. ईएफ माउंटचा व्यास ५४ एमएम, सेन्सरची रुंदी ३६ एमएम. म्हणजे सेन्सरच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ३३ मायक्रॉनचा उतार. मधला तारा टाचणीच्या टोकासारखा असला तरी दोन्ही कडा फोकसबाहेर, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांना. एफ/२.८वर खोली २२ मायक्रॉन होते, तरी हा उतार त्यात मावत नाही.

या हिशेबात लेन्सची फोकल लांबी कुठेच आली नाही. तिरकेपणा १४ एमएमला आणि १३५ला सारखाच नडतो. वेगळी नडते ती जाडीतली एकसारखी चूक. ॲडॅप्टर सगळीकडून ०.०५ एमएम जास्त जाड असेल, तर १३५ एमएमची लेन्स जास्तीत जास्त ३६४ मीटरपर्यंत फोकस करेल आणि १४ एमएमची जेमतेम ४ मीटरपर्यंत. सूत्र सोपं आहे, फोकल लांबीचा वर्ग भागिले जादा जाडी. तारे दोन्हींचे हुकले, पण वाइड लेन्सचा फोकस किती जवळ अडकला ते बघा.

हे टाळण्यासाठी बरेच ॲडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. मग लेन्स अनंताच्याही पुढे जाते आणि तारे फोकसच्या रिंगवरच्या अनंताच्या खुणेच्या अलीकडेच फोकस होतात. तेवढाच ०.०५चा पातळपणा असेल तर १४ एमएमवर साधारण ४ मीटरची खूण हीच तुमची अनंताची खूण. यात बिघडलं काय? केंद्रात काहीच नाही. पण ज्या वाइड लेन्समध्ये फोकसबरोबर एखादा गट वेगळा सरकतो, तिथे तो गट जवळच्या वस्तूसाठीच्या जागी उभा असतो आणि कोपरे खराब करतो. अशा लेन्सचे कोपरे तपासून ती नापास करण्याआधी ॲडॅप्टर मोजावा.

मोजायला व्हर्नियर चालत नाही. डिजिटल व्हर्नियरची चूकच ०.०२ एमएमच्या घरात असते. मायक्रोमीटर हवा, २६ एमएमच्या ॲडॅप्टरला २५ ते ५०चा आणि २४ एमएमच्याला ० ते २५चा. बायोनेटचे, म्हणजे लेन्स फिरवून अडकवायचे, दात सोडून दोन्ही बाजूंच्या सपाट पृष्ठभागांवर, घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ वाजता मोजायचं. चार आकड्यांत ०.०१च्या आत फरक असेल तर ॲडॅप्टर जपून ठेवा. ०.०३ असेल तर एफ/२ विसरा किंवा शिम, म्हणजे जाडी भरून काढणारा पातळ पत्रा, घाला.

दोष नेमका कुणाचा

मायक्रोमीटर नसेल तर आकाश आहेच. ट्रायपॉडवर कॅमेरा, दाट ताऱ्यांचा पट्टा, एक्स्पोजर इतकं लहान की तारे सरकू नयेत: १४ एमएमला ४ सेकंद, १३५ला अर्धा सेकंद किंवा मग ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र. केंद्रातल्या ताऱ्यावर मोठं करून फोकस करा, एक फोटो. मग फोकसची रिंग केसभर एका बाजूला, पुन्हा फोटो. असे दोन्ही बाजूंना तीन-तीन.

सातही फोटोंचे कोपरे शेजारी ठेवून बघा. चारही कोपरे एकाच फोटोत टोकदार होत असतील, भले केंद्र त्यात मऊ असो, तर ती लेन्सच्या फोकस-पातळीची वक्रता, ॲडॅप्टर निर्दोष. डावी बाजू एका फोटोत आणि उजवी दुसऱ्यात टोकदार होत असेल तर तिरकेपणा. आता कॅमेरा उभा करून तेच करा. खराब कोपरा जमिनीच्या दिशेप्रमाणे बदलला तर जोडात ढिलाई आहे, लेन्स स्वतःच्या वजनाने लवते आहे. फ्रेममध्ये त्याच जागी राहिला तर कायमचा तिरकेपणा. तो ॲडॅप्टरचा की लेन्सचा हे दुसरा ॲडॅप्टर लावल्याशिवाय कळत नाही. चारही कोपऱ्यांत सारखेच, केंद्राकडून बाहेर पसरलेले पंख दिसले तर तो कोमा, लेन्सच्या रचनेतच असलेला. त्याला इलाज फक्त ॲपर्चर कमी करणं.

ढिलाई बरी करता येते. ॲडॅप्टरच्या आतल्या बाजूला पातळ स्प्रिंगच्या पट्ट्या असतात, त्या बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी थोड्या उचलल्या की पकड घट्ट होते. जास्त उचलल्या तर लेन्स फिरवतानाच अडकते, तेव्हा बेताने. कायमच्या तिरकेपणाला शिम: लेन्सच्या बाजूची रिंग चार-सहा स्क्रूंवर बसलेली असते, ती सोडवून पातळ बाजूला, स्क्रूजवळ, रिंगखाली पितळी शिमचा तुकडा घालायचा. पितळी पत्रा हाताशी नसेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ एमएमची असते, तिच्या घड्या चालतात. स्क्रू एकदम पूर्ण आवळू नका; समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, नाहीतर नवा तिरकेपणा येतो.

दोन दोष आणखी. पहिला, जोडातून आत शिरणारा प्रकाश. लेन्सला झाकण लावा, आयएसओ ६४०० आणि ३० सेकंद, आणि माउंटभोवती टॉर्च फिरवा. फोटो काळा आला पाहिजे. आला नाही तर काळी इलेक्ट्रिक टेप. दुसरा, आतला चकचकीत काळा रंग. चंद्र किंवा व्याधासारखा ठळक तारा फ्रेमच्या जरा बाहेर असला की फिकट कमान उमटते. आतून मखमली काळा कागद चिकटवला की प्रश्न मिटतो, कागदाच्या कडा प्रकाशाच्या वाटेत आल्या नाहीत म्हणजे झालं.

आता लेन्स

सॅमयांग १३५ एफ/२ ही ॲडॅप्टरवर घेण्यासारखी लेन्स आहे, बिनदिक्कत. पूर्ण उघड्या ॲपर्चरलाही फुलफ्रेमच्या (३६ एमएम रुंद सेन्सरच्या) कोपऱ्यापर्यंत तारे आवरलेले राहतात, रिंगचा फेरा लांब आहे, आणि ॲपर्चरची रिंग लेन्सवरच आहे. १३५ भागिले २ म्हणजे ६७.५ एमएमचं तोंड. १४ एमएम एफ/२.८चं तोंड फक्त ५ एमएम. एकेका ताऱ्याचा १८० पटींहून जास्त प्रकाश इथे गोळा होतो. एफ/२.८ला जायचं असेल तर पाती मिटवू नका. नऊ पात्यांमुळे ठळक ताऱ्याला अठरा किरणं फुटतात. त्याऐवजी पुढच्या ७७ एमएमच्या आट्यांवर ७७ ते ४९ची स्टेप-डाउन रिंग लावा. तिचं भोक जवळपास ४८ एमएमचं, म्हणजे बरोबर एफ/२.८, आणि तारे गोल. दूरच्या लेन्सला ही युक्ती चालते. वाइडला लावली तर फ्रेमच कापते.

वजन आठशे ग्रॅमच्या वर आहे, हे मात्र विसरू नये. पाय असलेला ॲडॅप्टर किंवा लेन्सलाच धरणारा कॉलर घ्या आणि ट्रायपॉड तिथे जोडा, कॅमेऱ्याच्या तळाला नको. ट्रॅकर अनिवार्य आहे: ४ मायक्रॉनच्या पिक्सेलवर मृगाच्या पट्ट्यातले तारे सेकंदाला अडीच पिक्सेल सरकतात. फोकस झाला की रिंगवर टेप लावा, आणि हवा तीन-चार अंशांनी गार झाली की टेप सोडून पुन्हा तपासा.

हीच लेन्स सोनी ई माउंटमध्येही मिळते, पण ती वेगळी लेन्स नाही. तीच काच, मागे २६ एमएमची नळी कारखान्यातच जोडलेली. एकच कॅमेरा आयुष्यभर वापरणार असाल तर ती घ्या, जोड एक कमी. बॉडी बदलण्याची सवय असेल तर ईएफ आवृत्ती आणि चांगला ॲडॅप्टर.

सॅमयांग १४ एफ/२.८ काठावर पास. आधीच हाताशी असेल तर वापरा, ॲडॅप्टरवर चालवण्यासाठी म्हणून नव्याने घेऊ नका. कोमा बेताचा आहे. पण प्रतीप्रतीत फरक, अंतराची पट्टी बरेचदा जागेवर नसते, त्यात ॲडॅप्टरची चूक मिळाली की अनंत शोधायला रात्रीची पंधरा मिनिटं जातात. मिशीसारखं वाकलेलं विरूपण आहे, त्यामुळे क्षितिज सरळ करायला खास प्रोफाइल लागतं.

सिग्मा १४ एफ/१.८ आर्ट लेन्स म्हणून या तिघींत सगळ्यात धाडसी. १४ एफ/२.८च्या जवळपास अडीचपट प्रकाश घेते. पण एफ/१.८ला फोकसची खोली १४ मायक्रॉन, वजन किलोच्या वर, आणि ॲपर्चरसाठी सिग्मा एमसी-११सारखा विजेचा ॲडॅप्टर हवाच. सगळ्यात कडक मागणी आणि सगळ्यात जास्त ओझं, दोन्ही एकाच जोडावर. ॲडॅप्टरवर नापास. ही लेन्स आवडत असेल तर तुमच्या माउंटची आवृत्ती शोधा.

कॅमेऱ्यात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर साध्या ॲडॅप्टरवर बटणच दबणार नाही. सेन्सर हलवून स्थिरता देणारी सोय बंद. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव आणि एफचा आकडा येणार नाही, वहीत लिहून ठेवा. याचा एक फायदाही आहे: काही बॉडी ओळखीच्या लेन्सची कडेची काळोखी रॉ फाइलमध्येच सुधारतात आणि फोटो एकावर एक रचले की रंगीत वर्तुळं उमटतात. कॅमेऱ्याला लेन्सच कळली नाही तर तो सुधारणार काय!

फुगीर पुढच्या काचेच्या १४ एमएमला फिल्टर लावायचा तर फिल्टरची खाच असलेला ॲडॅप्टर सोयीचा. फक्त मागच्या बाजूची काच फोकस तिच्या जाडीच्या एक तृतीयांशाने मागे ढकलते, १ एमएमच्या फिल्टरला ०.३३ एमएम. फिल्टर काढल्यावर खाच रिकामी ठेवू नका. तेवढ्याच जाडीची साधी पारदर्शक काच घाला आणि तरीही फोकस पुन्हा बघा.