३१६ सांगून ३०४ दिलं: रबाळ्यातला आमचा अनुभव

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, पाच माणसं. यजमान गेल्यापासून खरेदी आणि हिशेब मी बघते, मशीनवरचं सगळं माझे दीर बघतात. गेल्या वर्षी आम्ही ३१६ ग्रेडचे म्हणून स्टेनलेस स्टीलचे १० राउंड बार घेतले आणि त्यातले ८ बार ३०४ या स्वस्त ग्रेडचे निघाले. बारची किंमत गेली ती गेलीच, पण नऊ वर्षांपासूनचं एक गिऱ्हाईक तुटायच्या बेतात आलं. इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमच्याएवढी कितीतरी युनिट्स आहेत, त्यांच्यासाठी सगळं जसं घडलं तसं लिहितेय.

ऑर्डर खारं पाणी उचलणाऱ्या पंपांच्या शाफ्टची होती. ड्रॉइंगवर मटेरियल स्पष्ट लिहिलेलं होतं, एसएस ३१६. ३२ एमएमचा सहा मीटरचा बार साधारण ३८ किलो भरतो. मी नेहमीच्या तिघांकडून भाव मागवले. तेवढ्यात ओळखीतून चौथा एक जण आला, त्याचा भाव किलोमागे २२ रुपयांनी कमी. मी टीसी, म्हणजे स्टील बनवणाऱ्या मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, मिळेल का एवढंच विचारलं. "ताई, टीसीशिवाय आमच्याकडून मालच निघत नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टीसी आलीसुद्धा.

दीर स्वतः गोडाऊनला गेले होते. तिथल्या माणसाने बंडलमधला वरचा एक बार पुढे ओढला, टोक ग्राइंडरने साफ केलं, त्यावर मॉली टेस्टचा थेंब टाकून बॅटरीची वायर टेकवली. काही सेकंदांत थेंबाला लालसर रंग आला. मॉलिब्डेनम असल्याची, म्हणजे माल ३१६ असल्याची, ती खूण. दीरांचा फोन आला, "वहिनी, टेस्ट बरोबर आलीय, टेम्पोत चढवू का?" मी हो म्हटलं. जीएसटी धरून १ लाख ४० हजारांच्या आसपास पैसे त्याच संध्याकाळी पाठवले. तो एक बार खरोखरच ३१६ होता. तसे दोनच होते, आणि दोन्ही बंडलच्या वरच्या अंगाला बांधलेले होते.

पाच महिन्यांनी शाफ्ट परत आले. वर्कशॉपच्या टेबलावर गिऱ्हाईकाच्या माणसाने एकेक काढून ठेवला, बोलला काहीच नाही. वरवर बघितलं तर पॉलिश तसंच होतं. पण पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती ग्लँड पॅकिंग जिथे बसतं त्या चार बोटांच्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके होते. दीरांनी एका ठिपक्यात स्क्राइबरचं टोक घातलं, ते आत गेलं. बाहेर ठिपका आणि आत पोकळी, पोखरलेल्या दातासारखी. त्याच लॉटमधले काही शाफ्ट मात्र अगदी स्वच्छ होते. दीर बराच वेळ दोन शाफ्ट शेजारी शेजारी धरून बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे दोन एका मालाचे नाहीत."

दोन्हींचे तुकडे लॅबला दिले. स्वच्छ शाफ्टमध्ये मॉलिब्डेनम २ टक्क्यांच्या वर. खराब झालेल्यात क्रोमियम १८, निकेल ८ आणि मॉलिब्डेनम नावापुरतं. म्हणजे सरळ ३०४.

३०४ काही वाईट स्टील नाही, आमची अर्धी कामं त्यातच होतात. १०.५ टक्क्यांपेक्षा जास्त क्रोमियम असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. स्टेनलेस गंजत नाही ते या थरामुळे. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड नेमका हाच थर फोडतो. पॅकिंगच्या फटीत पाणी साचून राहतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, थर भरून येत नाही, आणि एकाच जागी खोल खड्डा पडत जातो. ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम याच हल्ल्यापुढे टिकायला मदत करतं. त्यासाठीच जास्तीचे पैसे मोजायचे असतात. आणि डोळ्यांना दोन्ही बार हुबेहूब सारखे दिसतात.

चुंबक लावून बघितलं असतं तर, असं बऱ्याच जणांनी मला सांगितलं. ३०४ आणि ३१६ यांच्यातला फरक चुंबक सांगूच शकत नाही, कारण दोघांनाही तो धरत नाही. उलट खेचून काढलेल्या ब्राइट बारला, माल अस्सल असला तरी, थोडासा लागतो. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०२ या स्वस्त ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. ऐरोलीत, वाशीत खाडीच्या वाऱ्यावर गॅलरीचं नवंकोरं रेलिंग पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी डाग धरायला लागलं, तर तिथेही ग्रेड तपासून घ्या. चुंबक लावून दाखवला म्हणून ३०४ चे पैसे देऊ नका.

मग मी ती टीसी काढून नीट वाचली. पैसे देण्याआधी वाचायला हवी होती. हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या मालाला मिल देते तो नंबर, बारवरच्या नंबराशी जुळत होता, रसायनाचे आकडे ३१६ चे होते, पण साइझच्या रकान्यात ४० एमएम लिहिलं होतं. आमचे बार ३२ एमएमचे. मिलला मेल टाकून हीट नंबर विचारला. दोन दिवसांत उत्तर आलं की टीसी त्यांचीच आहे, पण त्या हीटमध्ये ३२ एमएम काढलेलंच नाही. म्हणजे कागद खरा, फक्त दुसऱ्याच मालाचा. आमच्या बारच्या टोकांवर तो नंबर नंतर हाताने पंच केलेला होता. दहाही टोकं जवळ घेऊन बघितली तेव्हा अक्षरं कुठे खोल, कुठे तिरकी दिसली.

सगळ्यात जास्त नडलं ते बिल. त्यावर 'एसएस राउंड बार ३२ एमएम' एवढंच होतं, ग्रेड कुठेच नाही. जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा जो एचएसएन कोड असतो तो ७२२२, आणि स्टेनलेसच्या कुठल्याही ग्रेडच्या बारला तोच. ३१६ हा शब्द फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या कोटेशनमध्ये. समोरचा आता म्हणतो की तुम्ही माल तपासून उचललात. ग्राहक आयोगाचा रस्ता वकिलांनी नको म्हटलं, कारण व्यापारी कामासाठीची खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणाऱ्याला सूट आहे, पण पाच माणसांच्या शॉपला ती मिळणं अवघड. नोटीस गेली आहे, पोलिसांत अर्ज दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत. गिऱ्हाईकाला सगळे शाफ्ट आम्ही स्वखर्चाने नव्याने करून दिले.

आता खरेदीची पद्धत बदलली आहे. ग्रेड आणि हीट नंबर बिलावर आणि चलनावर लिहून आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. टीसीचा साइझ, वजन आणि हीट नंबर मी स्वतः ताडून बघते, आणि मिलला विचारते. माल आमच्या दारात उतरल्यावर एक्सआरएफ गनवाल्याला (एक्स-रेने धातूत काय किती आहे ते मोजणारं हातातलं यंत्र) बोलावतो, एका बारला काही सेकंद लागतात, आणि प्रत्येक बार तपासतो. नमुन्याचा बार विकणाऱ्याला काढू देत नाही. बार कापताना नंबर असलेलं टोक सगळ्यात शेवटी वापरायचं, आणि आधी कापलेल्या तुकड्यांवर मशीनचं काम सुरू करण्याआधीच तो नंबर मार्करने उतरवायचा.

एक गोष्ट गनवाल्यानेच सांगितली, ती वेल्डिंगची कामं करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. ३१६एल म्हणजे वेल्डिंगसाठीचं कमी कार्बनचं ३१६, कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के. हातातली एक्सआरएफ गन कार्बन मोजत नाही. तिच्या पडद्यावर ३१६एल लिहून आलं तरी त्यातला 'एल' तिने तपासलेला नसतो. त्यासाठी तुकडा कापून लॅबमध्ये स्पेक्ट्रो टेस्टलाच द्यावा लागतो.