इनडिझाइनमध्ये शिरोरेषा फ्रेमच्या कडेला नेमकी बसवणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये फोटो आणि शेजारची मजकुराची फ्रेम (चौकट) एकाच गाइडला, म्हणजे मदतीच्या रेषेला, टेकवली, इनसेट (फ्रेमच्या कडेपासून आत सोडलेली जागा) चारही बाजूंनी शून्य केला, तरी शिरोरेषा फोटोच्या कडेपेक्षा खालीच राहते. प्रोग्रॅमचं गणित चुकत नाही, ते आपल्या लिपीला धरून केलेलं नाही एवढंच. फ्रेम निवडून कंट्रोल-बी दाबा आणि ‘बेसलाइन ऑप्शन्स’ उघडा. बेसलाइन म्हणजे अक्षरं टेकतात ती रेषा, आणि ऑफसेट म्हणजे फ्रेमच्या वरच्या कडेपासून पहिल्या ओळीच्या बेसलाइनपर्यंतचं अंतर. तिथे ऑफसेट मुळात ‘असेंट’वर असतो, म्हणजे फॉन्टच्या वरच्या हद्दीवर. त्या हद्दीचा शिरोरेषेशी संबंध नाही. ‘कॅप हाइट’ (कॅपिटल अक्षराची उंची) आणि ‘एक्स हाइट’ (लहान एक्सची उंची) हे पर्याय रोमन अक्षरांवरून ठरतात, त्यामुळे देवनागरीत त्यांचा मेळ बसला तर तो योगायोग समजावा.

कामाचा पर्याय एकच, ‘फिक्स्ड’, ज्यात हे अंतर आपण आकड्याने देतो. त्यासाठी आधी बेसलाइनपासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंतची उंची हवी. त्याच फॉन्टमध्ये 100 पॉइंटला ‘म’ टाइप करा, कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून आउटलाइन करा (अक्षराची आकृती होते) आणि वरच्या पट्टीत उंची वाचा. ती 62 पॉइंट आली, तर 10 पॉइंटच्या मजकुराला 6.2 आणि 9 पॉइंटच्या फोटोओळीला 5.58. मोजायला सरळ दांड्याचंच अक्षर घ्या. ‘द’ची शेपटी खाली जाते आणि आकडा फुगतो. काही फॉन्टांत दांडाही बेसलाइनच्या किंचित खाली उतरतो, तेव्हा भरपूर झूम करून 0.1 पॉइंटने सरकवत जा. आकडा भरायचा तो ‘मिन’च्या चौकटीत. ती शून्यावर राहिली तर बेसलाइनच फ्रेमच्या कडेवर येते आणि पहिली ओळ जवळपास सगळी बाहेर पडते. युनिट मिलिमीटर असेल तर आकड्यानंतर ‘पीटी’ची इंग्रजी अक्षरं टाइप करावीत.

आता वेलांटी, रफार, अनुस्वार फ्रेमच्या वर डोकावतील. डोकावू द्या, छपाईत ते कापले जात नाहीत. ‘फिक्स्ड’चा खरा तोटा असा की टाइपाचा आकार बदलला तरी आकडा तोच राहतो. म्हणून प्रत्येक आकाराची वेगळी ऑब्जेक्ट स्टाइल (फ्रेमच्या सेटिंगचा साठवलेला संच) हवी. फ्रेमगणिक हाताने भरत बसलात तर मोठ्या कामात गोंधळ ठरलेला.

मजकूर बेसलाइन ग्रिडला, म्हणजे ओळी बसवायच्या समान अंतरावरच्या रेषांना, बांधलेला असेल तर पहिली ओळ तुमच्या आकड्यावर न थांबता ग्रिडच्या पुढच्या रेषेवर जाते. त्याच खिडकीत फ्रेमपुरता स्वतंत्र ग्रिड देता येतो: सुरुवात 6.2, ‘टॉप ऑफ इनसेट’पासून, आणि अंतर लीडिंगइतकं, म्हणजे दोन ओळींच्या बेसलाइनमधल्या अंतराइतकं. पण मग शेजारच्या कॉलमच्या ओळी जुळतीलच असं नाही. अनेक कॉलमांच्या पानावर ग्रिड तसाच ठेवावा आणि फोटोची वरची कड ग्रिडरेषेच्या 6.2 पॉइंट वर आणावी. हा उपाय दिसायला उलटा, पण टिकाऊ.

डाव्या कडेला देवनागरीत फारसा त्रास नाही, कारण शिरोरेषा बहुधा अक्षराच्या पूर्ण रुंदीभर असते. मोठ्या रोमन मथळ्यात मात्र पहिल्या अक्षराची डावी मोकळी जागा टाइपाबरोबर वाढते. त्या अक्षराआधी एक स्पेस टाकून दोघांमधलं कर्निंग (अक्षरांमधलं अंतर) उणे करत नेलं की ती जाते. अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम कडेबाहेर काढायला स्टोरी पॅनलमधलं ‘ऑप्टिकल मार्जिन अलाइनमेंट’ आहे. ते जोडलेल्या सगळ्या फ्रेमना एकदम लागतं. मथळ्याला नको असेल तर त्या परिच्छेदाला ‘इग्नोर ऑप्टिकल मार्जिन’ द्यावं.

खालच्या कडेला इनडिझाइन तोकडं पडतं. मजकूर तळाला टेकवायला ‘बॉटम’ दिलं की उकारांसाठी जागा राखली जाते, शेवटच्या ओळीत उकार असो वा नसो. इनसेट उणे घेता येत नाही, मग फ्रेमची खालची कड तेवढी खाली ओढणं एवढंच उरतं.

स्क्रायबस या पानं मांडण्याच्या दुसऱ्या, मोफत प्रोग्रॅममध्ये देवनागरीची जोडाक्षरं 1.5.3 या आवृत्तीपासून नीट जुळतात, पण तिथे ‘फिक्स्ड’ नाही. ‘मॅक्सिमम असेंट’ तर टाळाच: तो पहिल्या ओळीतलं सगळ्यात उंच चिन्ह पाहतो, त्यामुळे वेलांटी असलेली फ्रेम आणि नसलेली फ्रेम शेजारी ठेवल्या तर ओळी वरखाली होतात. ‘लाइन स्पेसिंग’ निवडा आणि ओळींच्या अंतरातून शिरोरेषेची उंची वजा करून फ्रेम तेवढी वर सरकवा. 14 पॉइंट अंतर असेल तर 14 वजा 6.2, म्हणजे 7.8 पॉइंट.